वाचकांचे प्रश्न : उंच आहे म्हणून बोर्डाखाली?

प्रश्न : ‘बझरबीटर’ या बास्केटबॉल संघ चालवायच्या ऑनलाइन गेममध्ये माझ्याकडे १९ वर्षांचा, १९८ सेंमी उंचीचा खेळाडू आहे. जंप शॉट ८, बाहेरचा बचाव ७, ड्रायव्हिंग ६, आतला (बास्केटजवळचा) शॉट ६, आतला बचाव ५, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) ५, जंप रेंज (लांबून शॉट मारणं) ४, पासिंग ३. गेम त्याला शूटिंग गार्ड (बाहेरून शॉट मारणारा) दाखवतो. मित्र म्हणतात, पॉवर फॉरवर्ड (बोर्डाजवळ खेळणारा) कर. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : कुणाचंच नको. गेम खेळाडूची जी जागा दाखवतो, ती पगाराच्या हिशेबातून येते. ज्या जागेच्या सूत्रानं पगार सर्वांत जास्त निघतो, ती त्याची जागा ठरते. तुमच्या संघाला तो कुठे हवाय, याच्याशी त्या हिशेबाचा संबंध नाही.

आता उंची. शाळेच्या मैदानावर सर उंच पोराला सरळ बोर्डाखाली उभं करतात. इथे उंची बघायची ती सरावासाठी. उंच खेळाडूची आतली कौशल्यं लवकर वाढतात, बाहेरची हळू, बुटक्याचं उलट. १९८ म्हणजे मधली उंची, दोन्हीकडे चालते.

मग बघायचं काय? समोर कोण येणार ते. मॅन टू मॅन बचावात प्रत्येक जण साधारणपणे आपल्याच जागेवरच्या प्रतिस्पर्ध्याला अडवतो. याला पॉवर फॉरवर्डला टाकलात आणि समोरच्याचा आतला शॉट १० असला, तर ५ चा आतला बचाव त्याला रोखणार नाही. वर रिबाउंडही जातील. शूटिंग गार्डला ठेवलात तर बचाव निभेल, पण रेंज ४ असताना लांबून टाकलेले शॉट फुकट जातील. आतला शॉट तर तिथे जवळपास पडूनच राहील.

आमच्या मते त्याला स्मॉल फॉरवर्ड करा. या जागेवर दोन्ही बचाव लागतात, जंप शॉट आणि ड्रायव्हिंगही कामी येतं. आधी आतला बचाव ७ पर्यंत न्या. तुम्ही ‘लुक इनसाइड’ ही आतून शॉट घ्यायची पद्धत खेळत असाल तर त्यानंतर आतला शॉट घ्या. ‘मोशन’ किंवा ‘रन अँड गन’ ही बाहेरून शॉट घ्यायची पद्धत असेल तर रेंज.

प्रश्न : हॉस्टेलातली आम्ही चार पोरं मिळून टीम चालवतोय. फॉरवर्डचा बाहेरचा बचाव वाढवायला त्याला पॉइंट गार्डला (चेंडू पुढे नेणाऱ्याच्या जागी) उभं करायला लागतंय, आणि मॅच हातची जाते. हरलो की कन्नड दोस्त लगेच चिडवत्यात. काय करायचं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : लीगच्या महत्त्वाच्या सामन्यात हा प्रयोग नकोच. मैत्रीपूर्ण सामन्यात करा. सराव पूर्ण लागू व्हायला आठवड्यात त्या जागेवर ४८ मिनिटं पडावी लागतात. संघाच्या यादीत पॉइंट गार्डच्या तिन्ही रकान्यांत, म्हणजे सुरुवातीचा, बदली आणि राखीव, त्याचंच नाव टाका. नाहीतर प्रशिक्षक मध्येच दुसऱ्याला आत पाठवतो आणि मिनिटं कमी पडतात.

सहा फाउल होऊन तो ३१ मिनिटांतच बाहेर गेला, तर उरलेली १७ त्याच आठवड्याच्या पुढच्या सामन्यात भरून काढा. पण आठवड्याची बेरीज साठ-सत्तर मिनिटांच्या फार वर नेऊ नका, फॉर्म घसरतो. दोन सामने पूर्ण खेळवले की ९६ मिनिटं होतात, इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. आठवड्यात तीन सामने असले तर एकाच जागेवर तीन पोरं तयार होतात, प्रत्येकाला एक सामना. दोन जागांचा सराव निवडलात तर जास्त पोरांना मिळतो, पण वाढ हळू होते.

प्रश्न : सेंटरला (बोर्डाखालच्या खेळाडूला) फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचा मोकळा शॉट, शिकवावा का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : मुद्दाम नको, एक अख्खा आठवडा जातो. फ्री थ्रोचा सराव सगळ्या संघाला लागू होतो, त्यासाठी ठरावीक जागेवर खेळवावं लागत नाही. म्हणून ज्या आठवड्यात दुखापतीमुळे सरावातल्या पोरांची मिनिटं भरलीच नाहीत, त्या आठवड्यात तो निवडा. आठवड्याच्या सरावाचा हिशेब होण्याआधी बदललात तरी चालतं.