१०-४-३ चं उत्तर ९ कसं?

प्रश्न : ताई, पायथनमध्ये कॅल्क्युलेटर लिहिलाय. २+३*४ चे १४ बरोबर येतात, पण १०-४-३ चे ९ येतात. प्राधान्यक्रम (आधी गुणाकार, मग बेरीज) तर नीट लावलाय. चुकतंय कुठे?
(डिप्लोमाची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : प्राधान्यक्रमाला हात लावू नकोस, तो ठीक आहे. ९ या आकड्याकडेच बघ ना: १०-(४-३) म्हणजे ९. वजाबाकीचं चिन्ह दिसलं की तुझं फंक्शन उरलेल्या अख्ख्या पदावलीसाठी स्वतःलाच पुन्हा कॉल करत असणार. मग उजवीकडची वजाबाकी आधी होते. त्याऐवजी व्हाइल लूप (अट खरी आहे तोवर तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना) लाव. पहिलं पद घे. पुढे + किंवा - येत राहील तोवर दर वेळी एकच पद वाच आणि हिशेब तिथल्या तिथे करून टाक. १०-४ झाले ६, त्यातून ३ गेले, उरले ३.

बेरजेवर हे कधीच उघडकीला आलं नसतं, १०+४+३ ला कंस कुठेही घाल, १७ च. म्हणून माझा आग्रह असतो की चाचणी वजाबाकी-भागाकारानेच करावी. १६/४/२ देऊन बघ; २ ऐवजी ८ आले तर तिथेही हीच दुरुस्ती कर.

घातांकाला मात्र उजवीकडूनच जायचं. पायथन २**३**२ चे (** म्हणजे घात) ५१२ देतं, ६४ नाही. तिथे तुझी आत्ताची पद्धतच राहू दे.