बीटा की व्हीएचएस? शिरोलीतल्या एका ऑपरेटरला पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तिन्ही माहितीपत्रकं वाचली. पीएलसी-ऑटोमेशन (कारखान्यातली यंत्रं आपोआप चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं काम), ईव्ही म्हणजे विजेवरच्या गाड्यांचा टेक्निशियन आणि पुण्यातला सहा महिन्यांचा डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स. खाली तू एकच ओळ लिहिली आहेस, "काका, यातलं टिकणार कोणतं?" घरात लहान पोर, गळ्याशी हप्ते आणि आठवड्याला बदलणारी शिफ्ट असताना माणूस हे हौसेनं विचारत नाही. म्हणून सविस्तर लिहितो. सुट्टीच्या दिवशी निवांत वाच.

माझी उमेदीची वर्षं गेली ती व्हिडिओच्या यंत्रांत. राजारामपुरीतल्या टेबलावर व्हीसीआर उघडून बसायचो, तेव्हापासून एकामागून एक फॉरमॅट आले आणि गेले, आणि दर वेळी लोक मला तुझाच प्रश्न विचारायचे. बीटा घेऊ की व्हीएचएस? व्हीसीडी घेऊ की डीव्हीडीसाठी थांबू? त्या सगळ्यातून जे हाती लागलं ते तुझ्या प्रश्नाला लागू पडतं असं मला मनापासून वाटतं.

सोनीनं बीटामॅक्स, म्हणजेच बीटा, ही घरच्या व्हिडिओ कॅसेटची पद्धत बाजारात आणली १९७५ मध्ये. पुढच्याच वर्षी जेव्हीसीचा व्हीएचएस आला. पुढं जे झालं ते लोक एका वाक्यात सांगतात, की चांगलं चित्र हरलं आणि स्वस्त माल जिंकला. मी दोन्ही यंत्रं उघडून पाहिली आहेत, आणि मला हे वाक्य पटत नाही. बीटाचं चित्र साधारण अडीचशे रेषांचं, व्हीएचएसचं दोनशे चाळीसच्या आसपास. घरच्या टीव्हीवर हा फरक शेजारी शेजारी लावल्याशिवाय कुणाला कळत नव्हता. निकाल लागला तो वेगळ्याच गोष्टींवर. बीटाची पहिली कॅसेट एक तासाची होती, व्हीएचएसची दोन तासांची. अमेरिकेत आरसीए कंपनीला फुटबॉलचा अख्खा सामना एका कॅसेटवर बसवून हवा होता, तेव्हा जपानच्या मात्सुशिता कंपनीनं टेपचा वेग निम्मा करून चार तास बसवले. शिवाय मात्सुशिता, हिताची, शार्प, मित्सुबिशी असे बरेच कारखाने व्हीएचएस बनवायला लागले. सोनीच्या बाजूलाही तोशिबा, सान्यो होते, पण ते बळ कमी पडलं.

आपल्याकडचं कारण आणखी निराळं. ज्या रीतीनं आपल्याकडे टेप चालायची, त्यात दोन्हीकडे तीन तासांची कॅसेट मिळत होती, म्हणजे हिंदी पिक्चर दोन्हीत मावायचा. तरी गल्लीत व्हीएचएस पसरला, कारण भाड्यानं कॅसेट देणाऱ्या लायब्ररीत कॅसेटी त्याच्या होत्या. गणपतीत शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत मंडळाची पोरं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायची, सोबत तीन-चार पिक्चर. भाड्याच्या कॅसेटी ज्या फॉरमॅटच्या, तेच यंत्र मांडवात. मग ज्याला घरी यंत्र घ्यायचं असेल तो शेजाऱ्याचं पाहून घ्यायचा, म्हणजे कॅसेटींची देवाणघेवाण करता येईल. यंत्राची ताकद यंत्रात कमी आणि आजूबाजूला जास्त असते, हे मी तिथं पाहिलं.

तुझ्या कोर्सलाही हाच प्रश्न विचार. अभ्यासक्रम किती आधुनिक, हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असतंच. तू हे विचार, की शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतले किती कारखाने हे कौशल्य असलेला माणूस आज पगार देऊन ठेवतात? तुझ्या ओळखीत कितीजण ते काम करतात, की अडलं तर रात्री फोन लावता येईल? ही माहिती क्लासवाला देणार नाही. ती चहाच्या टपरीवर, गेटबाहेर, मेंटेनन्सच्या माणसांकडून मिळते.

आता मला खरं जे सांगायचंय त्याकडे येतो. सोनीनं १९८८ मध्ये स्वतःच व्हीएचएसची यंत्रं बनवायला घेतली. घराघरांतली लढाई संपली होती. पण त्याआधीच, १९८२ मध्ये, त्याच कंपनीनं बीटाच्या आकाराची कॅसेट घेऊन तिच्यावर खूप जास्त वेगानं टेप पळवली आणि बातम्यांच्या कामासाठी बीटाकॅम काढला. पुढं कितीतरी वर्षं जगभरच्या टीव्ही केंद्रांत तोच चालला. घरातून बाहेर पडलेल्या तंत्राला न्यूजरूममध्ये मानाची जागा मिळाली. बीटाचा टेपमार्ग ज्याच्या बोटांत बसला होता, तो कारागीर एका रात्रीत निरुपयोगी झाला नाही. त्याला दार बदलावं लागलं एवढंच.

आणि सगळंच वाचतं असंही नाही, हेही ऐक. व्हीसीआरमध्ये टेप वाचणाऱ्या डोक्यांचा, म्हणजे हेडचा, ड्रम असतो, तो आपल्या पद्धतीत मिनिटाला दीड हजार फेरे फिरतो आणि टेप त्याला तिरकी लपेटून जाते. टेपला वाट दाखवणारे गाइड पोस्ट केसाएवढे फिरवून चित्रातली पट्टी घालवायची ही माझी खासियत होती. कोकणाच्या बाजूच्या पावसाळी गावांतून बुरशी धरलेल्या कॅसेटी आणि रुसलेली यंत्रं माझ्याकडे यायची. १९९३ मध्ये व्हिडिओ सीडी निघाली. एका तबकडीवर जेमतेम चौऱ्याहत्तर मिनिटं, पिक्चरला दोन-तीन तबकड्या, चित्र चौकोन चौकोन फुटणारं. तरी आशियात ती झपाट्यानं पसरली, कारण प्लेअर स्वस्त होता, तबकडी स्वस्त होती आणि दमट हवेत टेपसारखी चिकटत नव्हती. त्या प्लेअरमध्ये ड्रमही नव्हता आणि टेपमार्गही नव्हता. गाइड पोस्ट फिरवण्याच्या माझ्या हातखंड्याला कुणी विचारेना.

पण पॉवर सप्लाय तोच होता. सर्किटचा नकाशा वाचणं तेच. सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपची पिन कुठं टेकवायची आणि सिग्नल कुठवर येऊन मरतो हे शोधायची पद्धत तीच. गिऱ्हाईक "चित्र येत नाही" म्हणतं तेव्हा त्याचे चार वेगळे अर्थ असतात, ते विचारून काढण्याची सवयही तीच. पुढं संध्याकाळच्या वर्गात बसून डिजिटलची बाजू शिकलो, लग्नाच्या शूटिंगचं संकलन संगणकावर करू लागलो, तेव्हा या जुन्या चार गोष्टींनीच मला सांभाळलं. म्हणून सांगतो, कोर्स निवडण्याआधी एक वही घे. डाव्या पानावर तुझ्या कामातलं जे त्या एका मशीनबरोबर जाईल ते लिही, उजव्या पानावर जे मशीन बदललं तरी तुझ्या हातात राहील ते लिही. नवा कोर्स उजव्या पानाला जोडून यायला हवा. डावं पान पुसून दुसरं डावं पान भरणारा कोर्स कितीही झगमगीत असो, पाच वर्षांनी तू पुन्हा मला हेच पत्र लिहिशील.

तुझं उजवं पान मी ओळखतो. तू सीएनसी मशीनवर फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर शिकलास, मग सीमेन्सच्या कंट्रोलवर बसवलं तेव्हा चार दिवस गडबडलास आणि पाचव्या दिवशी चालवलंस. कारण पडदा वेगळा असला तरी खाली मशीनला हुकूम द्यायची भाषा, जी-कोड, आहे. तुला ड्रॉइंग वाचता येतं, मायक्रोमीटर आणि बोअर गेज हातात बसलेत, टूल कधी मरायला आलंय हे आवाजावरून कळतं.

आता पीएलसीकडे याच नजरेनं बघ. १९६८ मध्ये जनरल मोटर्सला रिलेंची, म्हणजे विजेनं उघडझाप करणाऱ्या स्विचांची, भली मोठी कपाटं बदलायची होती, त्या मागणीतून मोडिकॉन कंपनीचा पहिला पीएलसी जन्मला. त्याचा प्रोग्रॅम मुद्दाम शिडीच्या आकृतीसारखा ठेवला, म्हणजे रिलेवर आयुष्य घालवलेल्या इलेक्ट्रिशियनला तो ओळखीचा वाटावा. नोकरीत असलेल्या माणसाचा असा विचार करून बनवलेलं तंत्र मला फार भावतं. आज सीमेन्स, मित्सुबिशी, डेल्टा, अ‍ॅलन-ब्रॅडली, प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. पण १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यात लॅडर, म्हणजे तीच शिडी, आहे आणि या सगळ्यांकडे लॅडर चालतो. तेव्हा क्लासवाल्याला "कोणत्या ब्रँडचं सर्टिफिकेट मिळेल?" विचारू नकोस. "सेन्सर तुटला तर दोष शोधायला शिकवता का, आणि प्रत्यक्ष पॅनेलवर हात लावू देता का?" हे विचार. माझं मत पीएलसीकडे आहे, ते या कारणानं.

ईव्हीबद्दल तुझी भीती खोटी नाही. तू ज्या लाइनवर सिलिंडर हेड मशीन करतोस, तो भाग बॅटरीवरच्या गाडीत असतच नाही. पण ईव्ही टेक्निशियनचा कोर्स गाडी दुरुस्तीचा आहे, तुझ्या मशीनिंगशी त्याचा संबंध थोडा. विजेच्या मोटरचं हाउसिंग, ब्रेकचे आणि सस्पेन्शनचे भाग त्या गाडीलाही लागतात आणि ते कुठंतरी मशीन होतातच. डेटा अ‍ॅनालिटिक्स वाईट नाही, पण नोकरी सोडून, कर्ज काढून, पुण्यात खोली घेऊन सहा महिने, याला माझा साफ विरोध आहे. तुझ्या मशीनचा रिजेक्शन डेटा आधी एक्सेलमध्ये मांडून बघ. त्यात मन रमलं तर पुढचं बोलू.

आणखी एक, दोन फॉरमॅट भांडत असताना लोक तिसरीकडे बघायला विसरतात. २००६ मध्ये एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे हे तबकडीचे दोन नवे फॉरमॅट समोरासमोर उभे राहिले. जानेवारी २००८ मध्ये चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर कंपनीनं ब्लू-रेची बाजू घेतली आणि फेब्रुवारीत तोशिबानं एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. पण नेटफ्लिक्सनं इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला २००७ मध्येच सुरुवात केली होती, आणि तबकडीचंच दिवाळं तिकडून निघत होतं. म्हणून हा क्लास की तो, एवढंच तोलू नकोस. ज्या कामासाठी क्लास आहे ते काम करायला पुढं माणूस लागणार का, हेही विचारत राहा.

तरी घाईही नको. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१५ मध्येसुद्धा साडेसात लाख व्हीसीआर विकले होते, आणि जुलै २०१६ मध्ये सुटे भाग मिळेनात म्हणून थांबवलं. बीटाच्या कॅसेटी सोनीनं मार्च २०१६ पर्यंत बनवल्या. तंत्र मरायला वेळ घेतं. तुझी लाइन उद्या बंद होणार नाही, आणि तो मधला काळच तुझं खरं भांडवल आहे. तो पगार घेत घेत वापर.

पैशांचं थोडक्यात. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन वर्गांत फुकट शिकता येतं, परीक्षा द्यायची तरच फी. इलेक्ट्रिकलची मूळ तत्त्वं तिथून सुरू कर. पदवी अर्धी राहिल्याची खंत असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे, आणि शिवाजी विद्यापीठाचाही दूरशिक्षणाचा विभाग आहे. खासगी क्लासला पैसे भरण्याआधी गेल्या बॅचच्या दोन पोरांशी बोल, क्लासनं निवडून दिलेल्या नव्हे, तू शोधलेल्या. फी परत मिळण्याची अट कागदावर वाच.

शरीराचा हिशेब मात्र नीट कर. रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यास होत नाही, तो आठवडा सरळ सोडून दे आणि त्याबद्दल स्वतःला टोचत बसू नकोस. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी तासभर, दुसऱ्या पाळीत सकाळी. अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसायला लाज वाटेल. त्यांना जे कळायला वेळ लागतो ते तू कारखान्यात रोज बघितलेलं असतं, दुसऱ्या महिन्यात तीच पोरं तुझ्याकडे शंका घेऊन येतील. आणि सूनबाईला आत्ताच सगळं सांग. तुझा तो तास ती बाळाला सांभाळून देणार आहे, म्हणजे शिक्षण दोघांचं चाललंय. ती काही शिकू म्हणाली तर पुढच्या वर्षी तो तास तिचा.

तू कोल्हापूरचा आहेस हे विसरू नकोस. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी, बरोबरचे आनंदराव १९१६ मध्ये गेल्यावरही, इथंच सिनेमाचा कॅमेरा घडवून पुरा केला. तुझ्या आजोबांनी उद्यमनगरात ऑइल इंजिनं जोडली. शेतात वीज पोहोचली, मोटरपंप आले, इंजिनाची मागणी ओसरली, तेव्हा त्याच शेडमध्ये गाड्यांच्या कास्टिंगचं मशीनिंग सुरू झालं आणि आजोबा बोअर मोजतच राहिले.

आता कामाचं. या आठवड्यात तुमच्या मेंटेनन्सच्या सुपरवायझरला विचार, की मशीन ब्रेकडाउन झालं की मला पॅनेल उघडताना शेजारी उभं राहू द्याल का. तो हो म्हणाला तर पीएलसीचा संध्याकाळचा वर्ग लाव, नाही म्हणाला तर का, ते नीट विचारून घे. वहीची दोन पानं भरून घरी ये, बरोबर तुमच्या जुन्या मशीनचं वायरिंग ड्रॉइंग मिळालं तर आण. माझ्याकडे एक जुना रिले पॅनेल पडलाय, त्यावर पहिली शिडी आपण दोघं मिळून काढू.

तुझा,
काका