सिलिॲकमध्ये काम करायचंय? आधी गिरणीत जाऊन ये
अगं, आहारशास्त्राचा डिप्लोमा झाल्या झाल्या सिलिॲकमध्ये, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजारात, स्पेशलायझेशनची घाई नको करूस. मी यात आले ती भाचीमुळे, पोरीचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या देऊनही काही केल्या वाढेना, शेवटी टीटीजी (सिलिॲकसाठीची रक्ततपासणी) आणि मग आतड्याची बायोप्सी केली तेव्हा सिलिॲक आहे ते कळलं, आणि तिच्यासाठी वाचता वाचता मी यातच रमले.

एक पक्कं लक्षात ठेव, टेस्ट व्हायच्या आधी कुणाचाही गहू बंद करू नकोस, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. नंतर मात्र आयुष्यभर पूर्ण बंद, "थोडंसं चालतं" असं काही नसतं. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आहे म्हणून सोपं वाटतं, पण गिरणीत उभी राहून बघ ना, गव्हावरच ज्वारी टाकतात, म्हणजे ते पीठ गेलंच की! घरघंटी असेल तर उत्तम, पण तिच्यात गहू अजिबात नको. बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा असतो, भाजणीत बऱ्याचदा गहू असतो, तेव्हा पेशंटच्या आईला सगळे डबे उघडून बघायला लाव.

आणि पोटाच्या डॉक्टरांकडे ओपीडीत काही महिने बसच, आयबीएस (वारंवार पोट दुखणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होण्याचा आतड्याचा त्रास) आणि सिलिॲकची लक्षणं किती सारखी दिसतात ते तिथेच कळतं.