‘हे फाईलला लागेल का?’

न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियात राहायला गेलेल्या एक ताई व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा तिसरीच्या वयाचा, शिक्षण पहिल्यापासून घरीच. त्यांचा प्रश्न मला तिकडच्या बऱ्याच मराठी पालकांकडून ऐकायला मिळतो : “मॅडम, कागदात काही राहिलं तर चौकशी लागेल का हो?”

भीती अगदीच हवेतली नव्हती. न्यू जर्सीत शाळेच्या तोडीचं शिक्षण दिलं की झालं, कुणाला कळवायचंही बंधन नाही. डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की सगळंच बदलतं. पेनसिल्व्हेनियात घरच्या शिक्षणासाठी १९८८ पासून स्वतंत्र कायदा आहे : नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, लसीकरणाचा पुरावा, वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिकसाठी ९०० तास, तिसरी-पाचवी-आठवीत चाचणी, मुलाच्या कामाची फाईल, आणि ती तपासणाऱ्या मूल्यमापकाचा दाखला ३० जूनपर्यंत.

यादी वाचून ताई धास्तावल्या. शनिवारीही अभ्यास, प्रत्येक चित्रावर तारीख. एकदा कॉल चालू असताना मुलगा ठोकळ्यांचा पूल घेऊन आला. “आई, हे फाईलला लागेल का?” त्या नाही म्हणाल्या, तसा त्याने तो तिथेच मोडून टाकला.

त्या दिवशी आम्ही कायदाच उघडून बसलो. त्यात कामाचे नमुने मागितलेत, सगळं काम नाही. दिवस मोजले तर तास मोजायची गरज नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर फाईल शाळा-जिल्ह्याकडे (त्या भागातल्या सरकारी शाळांच्या कार्यालयाकडे) जातच नाही. ती मूल्यमापक बघतो, मुलाशी तोच बोलतो, आणि त्याला निवडतात पालकच. जिल्ह्याला फक्त दाखला द्यायचा.

“मग मी हे एवढं कुणासाठी लिहीत होते?”

उत्तर पुढच्या भेटीत आलं. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. दर रविवारी फोनवर “आज काय शिकवलंस?” तासांची वही खरं तर त्यांच्यासाठी भरली जात होती! माझ्या मते सरकारी देखरेख परवडली. तिला निदान ठरलेल्या तारखा तरी असतात. रविवारचा फोन आता नवऱ्याने घ्यायचा, असं दोघांनी ठरवलं. सुरुवातीला तो कुरकुरला.

चाचणीचं मात्र मी बजावून सांगितलं : ती पालकांना स्वतः घेता येत नाही, तेव्हा बाहेरची सोय वेळेत बघा. आणि पुढच्या वर्षीचं प्रतिज्ञापत्र १ ऑगस्टच्या आत.