खोगिरी तपकिरी रंग येतो कुठून?

प्रश्न : खोगिरे, जुने कमरपट्टे आणि पुस्तकांच्या बांधण्या यांवर दिसणारा तांबूस तपकिरी रंग हाच चामड्याचा अस्सल रंग का मानला जातो? माझ्या दोन तपकिरी पिशव्यांपैकी एक वापराने गडद होत गेली, तर दुसरी आहे तशीच राहिली. असे का व्हावे?

उत्तर : हा रंग मुळात चामड्याला वरून कोणी दिलेला नाही. कच्चे कातडे कुजू नये म्हणून ते झाडांच्या साली, पाने व फळे यांच्या अर्कात मुरवण्याची पद्धत हजारो वर्षांची आहे. त्या अर्कातील टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाशी घट्ट बांधले जाते, आणि चामडे टिकाऊ होते ते यामुळे, तसेच तपकिरी होते तेही यामुळेच. साहजिकच छटा झाडागणिक बदलते. ओकच्या सालीने ती तपकिरी येते, दक्षिण अमेरिकेतील केब्राचो या लाकडाच्या अर्काने लालसर, हिरड्याने पिवळसर, तर सुमाक या झुडपाच्या पानांनी अगदी फिकट. जाड कातडी खड्ड्यांत मुरवायला पूर्वी वर्षभराहूनही अधिक काळ लागे.

असे चामडे भरीव व ताठ असते आणि त्यावर नक्षीचे ठसे स्वच्छ उमटतात, म्हणूनच खोगीर, लगाम व पट्टे यांसाठी ते पसंत केले गेले. १८५८ मध्ये लढाईत डावा हात गमावलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी सॅम ब्राउन यांच्या नावाने ओळखला जाणारा, खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टाही पारंपरिकरीत्या तपकिरीच असतो.

वनस्पतींच्या अर्कांची ही मक्तेदारी मोडली ती क्रोमच्या, म्हणजे क्रोमियम या धातूच्या क्षारांनी. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी त्या पद्धतीचे पेटंट घेतले. क्रोमने कमावलेले चामडे फिकट निळे निघते आणि त्याला हवा तो रंग नंतर द्यावा लागतो, तपकिरीसुद्धा. आजचे बहुतांश चामडे याच प्रकारचे आहे. आपली न बदललेली पिशवी बहुधा क्रोमची, वर रंगाचा थर असलेली असावी. वापराने बदललेल्या पिशवीतील टॅनिनवर प्रकाश, हवा आणि हातांचे तेल यांचा परिणाम होऊन ती गडद झाली असावी. हे गडद होणे म्हणजे खराब होणे नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. मात्र वनस्पतींनी कमावलेले चामडे प्रत्येक बाबतीत सरस असते, असेही नाही : प्रदूषित हवेतील सल्फर डायऑक्साइडने अनेक जुन्या ग्रंथांच्या बांधण्यांचा लालसर भुगा झाला आहे.

गडद होणाऱ्या पिशवीला ओले लोखंड लागू देऊ नका. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने काळा डाग पडतो, आणि तो सहसा निघत नाही. चामडे मुद्दाम काळे करण्यासाठी हिराकस हा लोहाचा क्षार वापरत, ते याच गुणामुळे. तेल द्यायचे असल्यास आधी आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर थेंबभर लावून पाहावे, कारण त्याने रंग लगेच एक छटा गडद होतो.