दीडशे जणांची मायक्रोसॉफ्ट ३६५ खाती दुसऱ्या टेनंटमध्ये (मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या दुसऱ्या संस्थेच्या स्वतंत्र जागेत) न्यायची आहेत, ईमेल पत्ते तेच ठेवायचे आहेत. कोणतं टूल घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची संस्था एका मोठ्या संस्थेत विलीन होतेय, सगळ्यांचे मेलबॉक्स, वनड्राइव्ह आणि टीम्स त्यांच्या टेनंटमध्ये जाणार आहेत, आणि एकही मेल हरवता कामा नये. मी अशी स्थलांतरं करून देण्याचंच काम करतो. टूल नंतर ठरवा. आधी डोमेनचा, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, विचार करा, कारण सगळं वेळापत्रक त्याच्यावर अवलंबून आहे.

एक डोमेन एका वेळी एकाच टेनंटमध्ये नोंदवता येतं. म्हणजे निम्मे लोक या आठवड्यात आणि निम्मे पुढच्या आठवड्यात, पत्ते सगळ्यांचे तेच, हे सरळ मार्गाने जमत नाही. एक दिवस ठरवून डोमेन जुन्या टेनंटमधून काढावं लागतं आणि नव्यात जोडावं लागतं. जुना टेनंट ते सहजासहजी सोडत नाही. एखाद्या वापरकर्त्याचं लॉगिन, ग्रुप, शेअर्ड (अनेकांनी मिळून वापरायचा) मेलबॉक्स किंवा कोणी कधीतरी जोडलेला जास्तीचा पत्ता त्या डोमेनवर राहिला, तर ते निघत नाही. सगळं आधी ऑनमायक्रोसॉफ्टच्या (टेनंटसोबत मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या onmicrosoft.com च्या) पत्त्यांवर हलवावं लागतं, आणि दीडशे खात्यांसाठी ते पॉवरशेलनेच, म्हणजे स्क्रिप्ट लिहून, करा. खाती तुमच्या ऑफिसातल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (वापरकर्त्यांची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) सिंक होत असतील तर बदल तिथे करावे लागतील. क्लाउडमध्ये केलेले टिकणार नाहीत.

आता मेल हरवण्याची भीती. डोमेन जुन्यातून निघालंय, नव्यात अजून पूर्ण लागलेलं नाही, अशा मधल्या काळात आलेला मेल जुन्या दारावर गेला तर तो कायमचा नाकारला जातो आणि पाठवणाऱ्याला बाउन्स मिळतो. म्हणून डोमेन काढण्याआधी एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरकडे जावा हे सांगणारी डोमेनची नोंद) मेल धरून ठेवणाऱ्या सेवेकडे वळवा. अशी सेवा नसेल तर हा रेकॉर्ड काही तास मुद्दाम उत्तर न देणाऱ्या सर्व्हरकडे ठेवला तरी चालतं. समोरचा सर्व्हर भेटला नाही तर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, हा एसएमटीपीचा (सर्व्हर एकमेकांना मेल पाठवतात त्या पद्धतीचा) नियमच आहे, आणि निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नये असं मानकात सांगितलेलं आहे. म्हणजे सर्व्हर न भेटणं परवडतं, सर्व्हरने नकार देणं परवडत नाही. एमएक्सचा टीटीएल (ती नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत) आधीच ३०० सेकंदांवर आणा. तो आत्ता २४ तासांचा असेल तर हा बदल किमान २४ तास आधी झाला पाहिजे, नाहीतर जुनी नोंद जगभर तशीच फिरत राहील.

आणि हे आजच तपासा: डोमेन जिथून विकत घेतलंय तिथल्या लॉगिनचा ईमेल त्याच डोमेनवर आहे का? असेल तर तो लगेच बदला. ऐन कटओव्हरमध्ये (जुन्यातून नव्यात जायच्या वेळी) ओटीपी त्याच बंद मेलबॉक्सवर गेला तर सगळं काम तिथेच अडतं.

मेल कॉपी करणं हा त्या मानाने सोपा भाग आहे. जुने मेल काही आठवडे आधीपासून मागच्या मागे कॉपी करत राहायचं आणि कटओव्हरच्या रात्री फक्त फरक उचलायचा. मायक्रोसॉफ्टची स्वतःची क्रॉस-टेनंट सोय मेलबॉक्स अख्खा उचलून नेते. तिला प्रत्येक वापरकर्त्यामागे वेगळं लायसन्स लागतं, आणि कायदेशीर होल्डवर (पुरावा म्हणून काहीही पुसलं जाऊ नये अशा बंधनाखाली) असलेले मेलबॉक्स तिथे अडतात. बाहेरची टूल्स प्रत काढतात, म्हणजे मूळ मेलबॉक्स जागेवर राहतो. दीडशे लोकांसाठी मी प्रत काढणारं टूल घेईन, कारण काही बिनसलं तर मूळ हाताशी असतं.

मेल पोचूनही लोक वैतागतात ते एक्स५०० पत्त्यामुळे. आउटलुक संस्थेतल्या सहकाऱ्याचा पत्ता @ वाल्या रूपात लक्षात ठेवत नाही, एक्सचेंजचं (मायक्रोसॉफ्टच्या मेल सेवेचं) एक लांबलचक अंतर्गत नाव ठेवतं. नव्या टेनंटमध्ये ते नाव बदलतं. मग जुन्या मेलला रिप्लाय केला किंवा नाव टाइप करताना सुचलेला पत्ता निवडला की मेल परत येतो, आणि लोकांची समजूत होते की स्थलांतर फसलं. उपाय साधा आहे: प्रत्येकाचं ते जुनं अंतर्गत नाव (लेगसीएक्सचेंजडीएन) काढून घ्या आणि नव्या मेलबॉक्सला एक्स५०० पत्ता म्हणून जोडा. शेअर्ड मेलबॉक्स आणि ग्रुप यांनाही. ही यादी जुना टेनंट चालू असतानाच काढा.

कॅलेंडरचं थोडं वेगळं आहे. मीटिंगची नोंद कॉपी होते, पण तिच्यातली टीम्सची लिंक जुन्या टेनंटचीच राहते. पुढच्या सहा महिन्यांची दर सोमवारची बैठक सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये व्यवस्थित दिसेल, फक्त लिंक कामाची नसेल. आयोजकांनी अशा बैठका नव्याने पाठवाव्यात हे आधीच सांगून ठेवा. टीम्समधल्या खासगी चॅटबद्दल मोठं आश्वासन देऊ नका. जशाच्या तशा त्या फारशा येत नाहीत. वनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या सोयीने हलवलं तर जुन्या जागी रीडायरेक्ट राहतो. नुसती प्रत काढली तर लोकांनी वाटलेल्या लिंका तुटतात.

लॅपटॉप जुन्या टेनंटच्या एन्ट्रा आयडीला (मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन आणि डिव्हाइस सांभाळणाऱ्या सेवेला) जोडलेले असतील तर मला सर्वात जास्त काळजी त्यांचीच वाटते. बिटलॉकरच्या (विंडोजच्या डिस्क-कुलुपाच्या) रिकव्हरी की जुन्या टेनंटमध्ये साठवलेल्या असतात. तिथली डिव्हाइसची नोंद पुसली की कीसुद्धा जाते. सगळ्या की आधी उतरवून सुरक्षित ठेवा. डिव्हाइस वेगळं करण्याआधी त्यावर चालणारं एक लोकल अ‍ॅडमिन खातं आहे याची स्वतः लॉगिन करून खात्री करा, नाहीतर तो लॅपटॉप उघडायचा कसा हाच प्रश्न पडेल. नव्या खात्याने लॉगिन केलं की विंडोजमध्ये नवी प्रोफाइल बनते आणि जुन्या डेस्कटॉपवरच्या फायली दिसत नाहीत. त्या गेलेल्या नसतात, जुन्या प्रोफाइलमध्ये असतात. लोकांना हे आदल्या दिवशी सांगितलं की पुष्कळ घबराट टळते.

पासवर्ड आणि ऑथेंटिकेटरची नोंदणी सोबत जात नाही, ती प्रत्येकाला नव्याने करावी लागते. डीकेआयएमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) नोंदी नव्या टेनंटच्या घ्या. एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ती नोंद) दोन्हीकडे मायक्रोसॉफ्टच असल्यामुळे बहुधा तोच चालतो. स्कॅनर, हजेरीचं यंत्र, बिलिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे गुपचूप मेल पाठवणारी जी काही उपकरणं आहेत, त्यांची यादी करा. नव्या टेनंटमध्ये सिक्युरिटी डिफॉल्ट्स (मायक्रोसॉफ्टची तयार सुरक्षा सेटिंग्ज) चालू असतील तर एसएमटीपी ऑथ, म्हणजे उपकरणाने लॉगिन करून मेल पाठवण्याची सोय, बंद असतं आणि ही उपकरणं काही न बोलता थांबतात.

शक्य असेल तर एक स्वस्तातलं फालतू डोमेन घ्या, जुन्या टेनंटमध्ये त्यावर चार-पाच चाचणी खाती बनवा, आणि डोमेन काढण्यापासून नव्यात रिप्लाय जाईपर्यंत सगळी रंगीत तालीम करा. डोमेन सुटायला किती वेळ लागतो, कुठली स्क्रिप्ट अडते, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही प्लॅनमधून कळत नाही.

जुन्या टेनंटची लायसन्सं कटओव्हर झाल्याझाल्या रद्द करू नका. लायसन्स काढल्यावर मेलबॉक्सचा डेटा साधारण ३० दिवसच परत मिळवता येतो, आणि "माझा तो एक फोल्डर दिसत नाही" म्हणणारा माणूस हमखास त्यानंतर येतो. हिशेब आणि कायदेशीर कामं बघणाऱ्या लोकांकडून सगळं पोचल्याचं लेखी घ्या, मगच बंद करा.