लेपर्डचा गोळा एब्रम्समधून उडवता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: लेपर्ड २, एब्रम्स आणि लेक्लेर या तिन्ही रणगाड्यांची तोफ १२० मिमीची आहे, मग एकाचा गोळा दुसऱ्यात चालतो का? तोफेत तो बसतो आणि सहसा उडतोही. लक्ष्यावर लागेल की नाही, हा मात्र वेगळा विषय आहे.

नुसता १२० मिमी हा आकडा बघू नका. ब्रिटनच्या चॅलेंजर २ ची तोफही १२० मिमीचीच आहे, पण तिच्या नळीला आतून आटे (गोळ्याला फिरवणाऱ्या पेचदार खाचा) आहेत आणि तिचा दारूगोळा वेगवेगळ्या भागांत भरावा लागतो. त्यामुळे लेपर्डचा गोळा तिथे निरुपयोगी. नाटोत समान आहे तो १२०×५७० मिमी हा अख्ख्या राउंडचा, म्हणजे गोळा, दारू आणि आवरण मिळून होणाऱ्या जोडाचा, आराखडा. त्याचं मूळ ऱ्हाइनमेटाल या जर्मन कंपनीच्या गुळगुळीत नळीच्या तोफेत आहे. १९७९ मध्ये ती लेपर्ड २ बरोबर सेवेत आली. अमेरिकेने तीच तोफ एम२५६ या नावाने एम१ए१ या एब्रम्सच्या आवृत्तीवर बसवली, तर फ्रान्सने स्वतःची तोफ बनवूनही चेंबर (नळीच्या मागची, राउंड बसतो ती जागा) याच राउंडला जुळेल असं ठेवलं.

हे जुळवणं मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात बारकावे पुष्कळ आहेत. चेंबरचा उतार, राउंडच्या बुडाची कड, प्रायमर (दारूला ठिणगी देणारा भाग) पेटवणारा विद्युतप्रवाह, नळीला सोसवेल इतकाच दाब, हे सगळं जमावं लागतं. या राउंडचं आवरणही विशेष आहे: गोळा सुटताना ते दारूबरोबर जळून जातं आणि मागे फक्त धातूचं आखूड बूड उरतं. त्यामुळे टरेटमध्ये, म्हणजे रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागात, लांबलचक तापलेल्या पितळी पुंगळ्यांचा ढीग साचत नाही.

नळी गुळगुळीत का, तेही सांगतो. आजचा मुख्य चिलखतभेदी गोळा म्हणजे टंगस्टन किंवा डिप्लिटेड युरेनियम अशा जड धातूचा लांब, बारीक बाण. तो सेकंदाला सुमारे १,७०० मीटर वेगाने सुटतो. इतका लांबोडा बाण गरगर फिरवून सरळ ठेवता येत नाही, ते काम शेपटीचे पंख करतात. मग आटे कशाला हवेत?

आता नेमाचं. गनर (तोफ चालवणारा सैनिक) संगणकाला गोळ्याचा प्रकार सांगतो आणि संगणक त्या गोळ्याच्या तक्त्यावरून नळी किती उचलायची ते ठरवतो. तक्त्यात परका गोळा नसेल, तर गणित दुसऱ्याच गोळ्याचं होतं आणि लांबच्या पल्ल्यावर नेम चुकतो. इतकंच काय, लेपर्ड २ए६ ची एल/५५ (लांबी व्यासाच्या ५५ पट) नळी जुन्या एल/४४ पेक्षा १.३ मीटर लांब आहे. तोच गोळा तिच्यातून जास्त वेगाने बाहेर पडतो, म्हणून तक्ताही वेगळा लागतो. जर्मनीच्या डीएम११ सारख्या गोळ्याला कुठे फुटायचं ते तोफेतूनच कळवावं लागतं. ती जोडणी नसलेल्या रणगाड्यात गोळा बसेल, पण ठरावीक अंतरावर हवेत फोडण्याची सोय मिळणार नाही.

प्रमाणीकरण नसलं की काय होतं, ते युक्रेनमध्ये दिसतं. एकाच सैन्याला सोव्हिएत बनावटीच्या टी-६४ आणि टी-७२ साठी १२५ मिमी, लेपर्ड २ आणि एब्रम्ससाठी १२० मिमी गुळगुळीत, चॅलेंजरसाठी १२० मिमी आट्यांचा आणि लेपर्ड १ साठी १०५ मिमी असा चार तऱ्हांचा दारूगोळा सांभाळावा लागला. माझ्या मते आघाडीवरच्या पुरवठा अधिकाऱ्याला रणगाड्यांच्या संख्येपेक्षा हीच गोष्ट जास्त छळते.

ब्रिटनने आता चॅलेंजर ३ साठी गुळगुळीत नळीची १२० मिमी तोफ निवडली आहे, म्हणजे तोही या पंगतीत येतोय. पण त्याच वेळी ऱ्हाइनमेटालची १३० मिमी आणि फ्रान्समधली १४० मिमीची अ‍ॅस्कॅलॉन अशा दोन नव्या तोफा पुढे आल्या आहेत. त्यांचा दारूगोळा एकमेकांत चालणार नाही, आणि नाटोने यांपैकी एकही आपलं पुढचं समान प्रमाण म्हणून स्वीकारलेली नाही.